गाडीत स्टीरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बसवताना

कोणता स्पीकर घ्यावा यावर माणसं आठवडेच्या आठवडे घालवतात आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची (गाडीच्या बॉडीला जोडायची) वायर मात्र हाताला लागेल त्या नटाखाली पाच मिनिटांत दाबून मोकळी होतात. मग अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली की खापर फुटतं स्टीरिओवर. गाडीतल्या आवाजाच्या बहुतेक तक्रारी वस्तूंमध्ये नसतात, जोडांमध्ये असतात. सैल थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), रंगावरच आवळलेली अर्थिंग, चुकीच्या जागी लावलेला फ्यूज आणि अंदाजाने फिरवलेला गेन (सिग्नलची पातळी जुळवणारा स्क्रू). ही चार कामं मन लावून केली तर मध्यम दर्जाचं सामानही छान वाजतं. ती बिघडली तर कितीही भारी सामान घातलं तरी कान समाधानी होत नाहीत.

इथे १२ व्होल्टची नेहमीची गाडी, डॅशबोर्डात नवा स्टीरिओ, चार दारांच्या स्पीकरसाठी चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि हवा असल्यास सबवूफरसाठी एक मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प, अशी मांडणी धरली आहे. पहिल्यांदाच हात घालत असाल तर स्टीरिओला अर्धा दिवस आणि अ‍ॅम्पला एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. संध्याकाळी सुरू करून अंधारात उरकायचं हे काम नाही.

घेण्याआधी मोजून घ्या

डॅशबोर्डातल्या खिडकीचं माप आधी बघा. सिंगल डिन म्हणजे दर्शनी बाजू १७८ × ५० मिमी, डबल डिन म्हणजे १७८ × १०० मिमी. रुंदी-उंची जुळली तरी खोली तपासा. जुन्या सीडीवाल्या युनिटला मागे भरपूर जागा लागते, नव्या बिनसीडीच्या युनिटला कमी. पण मागे कपलर, अँटेनाची वायर आणि आरसीए (अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणाऱ्या) पिना यांचा गुंता मावायला किमान ५ सेंमी मोकळी जागा हवीच. गाडीच्या मॉडेलप्रमाणे फ्रेम, वायरिंगचं अ‍ॅडॅप्टर हार्नेस (कपलर लावलेला वायरींचा जुडगा) आणि अँटेनाचं अ‍ॅडॅप्टर आधीच आणून ठेवा. हार्नेस मिळत असताना कंपनीचा कपलर कापू नका. गाडी विकताना किंवा जुना स्टीरिओ परत लावताना ते कापलेले तुकडे फार त्रास देतात.

काही गाड्यांत मूळ स्क्रीनवरच एसीची सेटिंग, पार्किंग सेन्सरचा आवाज किंवा दार उघडं असल्याची सूचना येते. तो स्टीरिओ काढला की ही सगळी सोय जाते. स्टिअरिंगवरची बटणंही तपासा. ती साध्या रेझिस्टरवर चालत असतील तर नव्या स्टीरिओच्या ‘की १’ आणि ‘की २’ या वायरींवर शिकवता येतात. कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांच्या आपसांतल्या डिजिटल जाळ्यावर) चालत असतील तर वेगळा इंटरफेस डबा घ्यावा लागतो.

आता वॅटबद्दल. स्टीरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. स्टीरिओला मिळतात १४.४ व्होल्ट आणि समोर असतो ४ ओहमचा स्पीकर. १४.४ चा वर्ग केला, ८ ने भागला, की येतात सुमारे २६ वॅट. आवाज न फाटता मिळू शकणारी ही कागदावरची कमाल. प्रत्यक्षात एका चॅनलला २० वॅटच्या आसपास मिळतात. अ‍ॅम्प्लिफायरची गरज इथे लागते, कारण त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारी स्वतःची सप्लाय असते. म्हणून स्टीरिओ निवडताना वॅटकडे बघू नका, आरसीए आउटपुट बघा. पुढचे, मागचे आणि सबवूफरचे असे तीन जोड असावेत आणि त्यांचं व्होल्टेज २ ऐवजी ४ असेल तर चांगलं. सिग्नल जितका दमदार, तितका गेन कमी ठेवता येतो आणि तितकी खरखर कमी.

करंट, वायर आणि फ्यूज

अ‍ॅम्पचे आरएमएस (सतत देता येणारे) वॅट घ्या, ‘मॅक्स’ नव्हे. क्लास एबी अ‍ॅम्प बॅटरीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्मी आवाजाकडे देतो आणि उरलेली उष्णतेत जाते. क्लास डी ८० टक्क्यांच्या आसपास देतो. म्हणजे ४ × ५० वॅटचा एबी अ‍ॅम्प पूर्ण जोरात ४०० वॅट ओढतो. १३.८ व्होल्टला हे झाले २९ अँपिअर. ५०० वॅटचा क्लास डी मोनो ओढतो ६२५ वॅट, म्हणजे ४५ अँपिअर. दोन्ही एकत्र लावायचे तर बॅटरीपासून ७५ अँपिअरची तयारी हवी.

वायरची जाडी करंट आणि लांबी या दोन्हींवर ठरते. बॅटरी पुढे आणि अ‍ॅम्प डिक्कीत असेल तर वायर सहज ५ मीटर लागते. ८ गेजची तांब्याची वायर, म्हणजे सुमारे ८ चौरस मिमी, ३० अँपिअरला ५ मीटरमध्ये जवळपास ०.३ व्होल्ट खाते. चार चॅनलच्या छोट्या अ‍ॅम्पला ती पुरते. ४ गेजची, म्हणजे २१ चौरस मिमीची वायर ४५ अँपिअरला ०.२ व्होल्टसुद्धा खात नाही. दोन अ‍ॅम्प असतील तर एकच ४ गेजची वायर डिक्कीपर्यंत आणा आणि तिथे डिस्ट्रिब्युशन ब्लॉक लावून ती दोन्हीकडे वाटा. ब्लॉकनंतरची वायर ८ गेजची घेणार असाल तर त्या ब्लॉकमध्येच प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज हवा.

तयार किटमधली वायर उघडून बघाच. बऱ्याच किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६० टक्केच वीज वाहून नेतं. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की समजा. अशी वायर वापरायचीच असेल तर एक-दोन मापं जाड घ्या. वरचं प्लॅस्टिकही जाड असतं, त्यामुळे बाहेरून बघून आतली तार किती ते कळत नाही.

फ्यूज अ‍ॅम्पला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. अ‍ॅम्पला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज असतो वायरसाठी. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर घासून वायर सोलली गेली तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते आणि सतरंजीखाली आग लागते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायरच्या लांबीने ४५ सेंमीच्या आत लावायचा. जितका जवळ तितका बरा. डिक्कीत लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटरला वाचवत नाही. अंक काढायचा तो अ‍ॅम्पवरच्या फ्यूजांच्या बेरजेवरून. अ‍ॅम्पवर २५ चे दोन असतील तर बॅटरीजवळ ५० अँपिअरचा. पण वायर झेपवेल त्याहून मोठा फ्यूज कधीही नाही. ८ गेजला ५० आणि ४ गेजला १०० अँपिअर, यावर जाऊ नका.

बॅटरी सोडवणं

किल्ली काढा आणि दारं-डिक्की आधीच उघडून ठेवा, कारण वीज गेली की इलेक्ट्रिक लॉक उघडणार नाही. जुन्या स्टीरिओला कोड असेल तर तो लिहून ठेवा. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. नेहमी आधी निगेटिव्हच. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर पाना तिथेच चिकटतो. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज साठलेली असते, म्हणून त्यानंतर निदान १० मिनिटं थांबा. डॅशबोर्डाखाली पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. त्या सोडवू नका, त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की तिच्यापासून हात दूर.

काही गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तसा असेल तर तुमची कोणतीही अर्थिंग थेट निगेटिव्ह पोलवर घेऊ नका, बॉडीवर घ्या. नाहीतर अ‍ॅम्पने ओढलेला करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं.

जुना स्टीरिओ बाहेर

डॅशबोर्डाची पट्टी बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसलेली असते. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लावला की कडेला दात उमटतात आणि ते कायम डोळ्यांसमोर राहतात. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि ओढ सरळ तुमच्या दिशेने द्या. एक बाजू सुटत नसेल तर जोर वाढवू नका, तिथे लपलेला स्क्रू शोधा. तो बहुधा एसीच्या जाळीमागे, खणाच्या रबराखाली किंवा टोपीमागे असतो. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं आणि क्लिपा तुटतात, तेव्हा गाडी थोडी उन्हात ठेवून मग काम करा. गियरच्या दांड्यावर आणि खणावर जाड फडकं टाका. स्टीरिओ सुटून खाली येतो तेव्हा पहिला ओरखडा तिथेच पडतो.

हार्नेस टेबलावर जोडा

गाडीत वाकून वायरी जोडण्यापेक्षा स्टीरिओचा हार्नेस आणि गाडीचं अ‍ॅडॅप्टर टेबलावर घेऊन जोडा. नव्या स्टीरिओंचे रंग बहुतेक ठरलेले असतात:

पिवळी – कायमचे १२ व्होल्ट, मेमरीसाठी
लाल – किल्ली फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट
काळी – अर्थिंग
निळी – अँटेना
निळी-पांढरी – अ‍ॅम्पचा रिमोट
नारिंगी – दिव्यांबरोबर मंद होणारा उजेड
पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा स्पीकर. काळ्या पट्टीची जोडीदार वायर निगेटिव्ह

गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे. तिथे रंगावर विसंबू नका, पिन बघा. आयएसओ कपलरच्या वीजवाल्या भागात ४ नंबरची पिन कायमच्या विजेची, ५ अँटेनाची, ६ उजेडाची, ७ किल्लीची आणि ८ अर्थिंगची. तरीही मल्टीमीटरने खात्री करा, कारण काही गाड्यांत ४ आणि ७ ची अदलाबदल असते. तसं झालं की प्रत्येक वेळी किल्ली बंद केल्यावर घड्याळ आणि रेडिओ स्टेशन पुसली जातात. हे लक्षण दिसलं तर स्टीरिओ बदलू नका, लाल आणि पिवळी आपसांत बदला.

निळ्या वायरीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी छोटा बूस्टर असतो आणि त्याला वीज लागते. ती दिली नाही तर स्टेशन जेमतेम लागतं. अँटेनाच्या अ‍ॅडॅप्टरवर निळी शेपटी असेल तर ती स्टीरिओच्या निळ्या वायरीला जोडा.

स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थिंग नव्हे. आजच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. त्यातली एक बॉडीला लागली किंवा चार निगेटिव्ह एकत्र बांधल्या तर आतली आयसी जळते. अ‍ॅम्पवर हलवलेल्या स्पीकरच्या वायरी स्टीरिओच्या बाजूला मोकळ्या राहतात, त्यांची टोकं एकेक करून वेगवेगळी स्लीव्हमध्ये बंद करा.

जोड कसा करायचा? पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत सोडून द्या. उन्हात डॅशबोर्डाखाली टेपचा गोंद पातळ होतो, टेप उलगडते आणि दोन उघड्या वायरी एकमेकींना भेटतात. वायर ७ मिमी सोला आणि एकही तार तुटली नाही ना ते बघा. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधीच वायरवर सरकवून ठेवा. तारा हलक्या पिळा, जोडनळीत मधल्या अडथळ्यापर्यंत घाला आणि त्या मापाच्या खाचेतच क्रिंपिंगची पक्कड पूर्ण दाबा. मग दोन्ही बाजूंनी खेचा. निसटली तर ती आत्ता निसटलेली बरी. साध्या पकडीने चपटा केलेला जोड दिसतो तसाच, पण खेचल्यावर सुटतो. डाग देऊन केलेला जोडही चालतो, पण कथील तारांमधून वर चढून वायर तिथे ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्याच कडेला तुटते. तसा जोड आधाराशिवाय लोंबकळत ठेवू नका. अ‍ॅम्पच्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला तर कथील लावूच नका. दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो.

व्हिडिओवाल्या स्टीरिओला हँडब्रेकची वायर असते. ती हँडब्रेकच्या स्विचलाच जोडा. ती कायमची अर्थिंग करून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू ठेवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, ती करू नका. रिव्हर्स कॅमेऱ्याची खूण रिव्हर्सच्या दिव्याच्या पॉझिटिव्हवरून घ्या. जीपीएसची अँटेना डॅशबोर्डाच्या प्लॅस्टिकखाली, सपाट बाजू आकाशाकडे करून चिकटवा. वर धातूची पट्टी असेल तर ती काम करणार नाही.

बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत

फायरवॉलमध्ये कंपनीचाच एखादा मोठा रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवलेली रबरी कडी) शोधा, बॉनेट उघडायच्या केबलचा किंवा मुख्य वायरिंगचा. त्यात बारीक छेद देऊन वायर ओढा. तारेचा हँगर सरळ करून आधी तो पलीकडे घाला आणि वायर त्याला टेपने बांधून खेचा. नवं भोक पाडावंच लागलं तर पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघून मगच ड्रिल लावा. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग आणि त्यात रबरी ग्रोमेट लावल्याशिवाय वायर घालू नका. उघड्या पत्र्याची कड वायर कापते. इंजिनच्या बाजूला वायरला नालीदार पाइप चढवा आणि सायलेन्सरचा पाइप, पट्टे, पंखा यांच्यापासून लांब ठेवून दर २०–३० सेंमीवर केबल टाय मारा. आत पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यात काहीही लोंबणार नाही याची हाताने खात्री करा.

पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूच्या पायपट्टीखालून न्या, आरसीए दुसऱ्या बाजूने. ओलांडणं अटळ असेल तर काटकोनात ओलांडा. बारीक रिमोट वायर आरसीएबरोबर गेली तर हरकत नाही. हे सगळं होईपर्यंत बॅटरीजवळच्या होल्डरमधला फ्यूज काढलेलाच असू द्या.

अर्थिंग

पॉझिटिव्हमधून जितका करंट येतो तितकाच अर्थिंगमधून परत जातो. म्हणून अर्थिंगची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी आणि लांबीला ४५ सेंमीच्या आत. अ‍ॅम्पजवळ बॉडीचा जाड भाग शोधा. चेसिसचा आडवा पत्रा किंवा गाडीचाच वेल्ड केलेला बोल्ट उत्तम. डिक्कीच्या पातळ पत्र्यावरचा स्क्रू, सीटच्या रुळाचा स्क्रू किंवा बिजागरीचा बोल्ट नको. तिथे मध्ये रंग, वंगण आणि हलणारे सांधे असतात. सीटबेल्टच्या बोल्टाला तर हातच लावू नका. त्याच्या आवळणीवर जीव अवलंबून असतो.

भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली जाऊन बघा. मागच्या सीटखाली बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी असते. शेजारून ब्रेकची नळी जाते.

आता थिंबल जिथे बसणार तिथला रंग काढा. थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल, पॉलिश पेपरने. आधी वरचा रंग जातो, मग राखाडी प्रायमर लागतो. इथे बरेच जण थांबतात, कारण राखाडी थर धातूसारखाच दिसतो. तोही काढा, म्हणजे खालून चकचकीत पांढरा पत्रा दिसेल. मल्टीमीटरच्या दोन्ही पिना त्या गोलात टेकवा. बीप आला तरच खरा पत्रा. थिंबल पूर्ण दाबून क्रिंप केलेलं हवं. क्रम असा ठेवा: पत्रा, त्याला थेट टेकलेलं थिंबल, वर दातेरी वॉशर, मग नट. थिंबल आणि पत्रा यांच्यात वॉशर घालू नका. आवळून झाल्यावर थिंबल बोटाने फिरत असेल तर अजून सैल आहे. शेवटी वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या, म्हणजे उघडा पत्रा गंजणार नाही. दोन अ‍ॅम्प असतील तर दोन्हीची अर्थिंग शेजारी-शेजारी घ्या.

अ‍ॅम्पची जागा आणि बाकीच्या वायरी

अ‍ॅम्पला वर आणि बाजूंना ५ सेंमी हवा हवी. उलटा टांगू नका, उष्णता आतच कोंडते. सबवूफरच्या पेटीवर बसवू नका, सततच्या थरथरीने आतले डाग सुटतात. सीटखाली बसवायचा तर सीट पूर्ण पुढे-मागे करून बघा आणि सतरंजी भिजण्याची भीती असेल तर पट्टीवर उचलून बसवा.

रिमोट म्हणजे निळी-पांढरी वायर. तिला करंट नगण्य लागतो, पण एकाहून जास्त अ‍ॅम्प आणि पंखा तिच्यावरच लादायचा असेल तर मध्ये रिले घ्या. रिमोट कायमच्या १२ व्होल्टला जोडला तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि बॅटरी उतरते.

स्पीकरसाठी १६ गेज, म्हणजे १.३ चौरस मिमी पुरे. सबवूफरला १२ गेज. वायर जुनी असेल आणि पॉझिटिव्ह कोणती ते कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा पॉझिटिव्ह ज्या वायरला होता ती पॉझिटिव्ह. आत गेला तर उलट. दारातला रबरी भोंगा वळणावर दुमडला जातो, त्यातून वायर घालताना थोडी ढिली ठेवा.

ओहमचा हिशेब चुकवू नका. ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात. मोनो अ‍ॅम्प २ ओहमला चालतो असं त्यावर लिहिलेलं असेल तर ठीक. पण चार चॅनलच्या अ‍ॅम्पचे दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे एकाच स्पीकरसाठी एकत्र जोडले, की प्रत्येकाला निम्मेच ओहम जाणवतात. म्हणून ब्रिजवर बहुतेक अ‍ॅम्पना किमान ४ ओहमच हवे. खाली गेलात की अ‍ॅम्प तापून बंद होतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो.

पहिल्यांदा वीज देताना

अ‍ॅम्पवर जोडण्याचा क्रम असा: आधी अर्थिंग, मग पॉझिटिव्ह, मग रिमोट, स्पीकर आणि शेवटी आरसीए. हा क्रम उगाच नाही. काही स्टीरिओंमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आत एक अगदी चिमुकला फ्यूज असतो. मुख्य अर्थिंग लागलेली नसताना आरसीए जोडली तर सगळा करंट त्या वाटेने जातो, तो फ्यूज उडतो आणि इंजिनची शिट्टी कायमची मागे लागते. त्याच कारणाने सिस्टिम चालू असताना आरसीए काढघाल करू नका.

गेन पूर्ण खाली, स्टीरिओचा आवाज शून्य. बॅटरीची निगेटिव्ह जोडा, मग फ्यूज बसवा. बसवताना बारीकशी ठिणगी दिसेल, अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरतात म्हणून. फ्यूज लगेच उडाला तर मोठा घालू नका, कुठे शॉर्ट आहे ते शोधा. स्टीरिओ लावा. अ‍ॅम्पचा दिवा लागला पाहिजे आणि स्टीरिओ बंद केल्यावर विझला पाहिजे. मग बॅलन्स आणि फेडर फिरवून चारही स्पीकर आपापल्या जागी वाजतात का ते बघा. फ्रेम आणि पट्ट्या अजून बसवू नका.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

स्टीरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांची सांगड घालणारा स्क्रू म्हणजे गेन. तो पूर्ण फिरवल्याने वॅट वाढत नाहीत, फक्त अ‍ॅम्प लवकर फाटतो. फाटका सिग्नल स्पीकरची कॉइल भाजून काढतो. ट्वीटर जळतात ते बहुतेक असे.

मल्टीमीटरने तो असा लावा. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून सोडवा. स्टीरिओची इक्वलायझर, बेस बूस्ट, लाउडनेस सगळं शून्यावर, अ‍ॅम्पचे फिल्टर बंद. हवं ते व्होल्टेज काढा: वॅट आणि ओहम यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. ६० वॅट, ४ ओहम असेल तर २४० चं वर्गमूळ, १५.५ व्होल्ट. मोनो ३०० वॅट, २ ओहम असेल तर २४.५ व्होल्ट. स्पीकरचे आरएमएस वॅट अ‍ॅम्पपेक्षा कमी असतील तर स्पीकरचा आकडा धरा. इंजिन सुरू ठेवा, पण गाडी उघड्यावर असू द्या. स्टीरिओचा आवाज कमालीच्या तीन चतुर्थांशावर आणा, म्हणजे ४० पैकी ३०. पेन ड्राइव्हवरून ० डीबीचा टोन वाजवा, सबवूफरसाठी ५० हर्ट्झ, दारांसाठी ३०० हर्ट्झ. दारांसाठी १ किलोहर्ट्झ सुचवतात, पण स्वस्त मल्टीमीटर साधारण ४०० हर्ट्झपुढे एसी व्होल्ट बरोबर दाखवत नाहीत. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. आकडा गाठला की थांबा. पुढे-मागे दोन्हीकडे असंच. ३० च्या वर आवाज नेऊ नका, हे घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा.

स्पीकर परत जोडून फिल्टर लावा. साडेसहा इंची स्पीकरना हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झ, चार इंचींना १००–१२०, सबवूफरला लो पास (त्यावरचे सूर अडवणारा) ८०. खालचे सूर दारांतून काढून घेतले की तेच छोटे स्पीकर किती मोकळे वाजतात ते लगेच कानाला कळतं. शेवटी सबवूफरची वायर उलटसुलट करून बघा. चालकाच्या सीटवर बसून ज्या बाजूने बेस भरीव लागेल ती बाजू ठेवा. दारांच्या स्पीकरमध्ये एखादाच उलटा लागला असेल तर गायकाचा आवाज समोर एका जागी न बसता इकडेतिकडे पसरतो.

बिघाड कुठे शोधायचा

इंजिनच्या वेगाबरोबर शिट्टी चढत असेल तर सिस्टिम बंद करून अ‍ॅम्पच्या आरसीए काढा, मग सुरू करा. शिट्टी तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पच्या अर्थिंगमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत. गेली तर मागे वळा. आरसीए पॉवरच्या वायरीला चिकटून गेली आहे का ते बघा, नसेल तर स्टीरिओच्या काळ्या वायरीला बॉडीवर स्वतंत्र, स्वच्छ अर्थिंग द्या. ग्राउंड लूप आयसोलेटर (आरसीएच्या मध्ये लावायचा छोटा डबा) हा शेवटचा उपाय. त्याने शिट्टी जाते, पण खालचे सूरही थोडे जातात.

बेसच्या ठोक्यावर अ‍ॅम्प बंद पडत असेल तर व्होल्टेज कोसळतंय. मोठ्या आवाजात मल्टीमीटर डीसीवर ठेवून अ‍ॅम्पचा निगेटिव्ह आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर अर्थिंग पुन्हा उघडा. मग दोन्हीकडच्या पॉझिटिव्हमध्ये मोजा. तिथे ०.५ च्या वर दिसलं तर वायर बारीक आहे किंवा फ्यूज होल्डरचा स्क्रू सैल.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर गाडी कुलूप लावून अर्धा तास झोपू द्या आणि निगेटिव्हमध्ये मल्टीमीटर घालून करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर अ‍ॅम्पचा फ्यूज काढा. आकडा पडला तर रिमोट तपासा, नाही पडला तर स्टीरिओची लाल वायर कायमच्या विजेवर गेली आहे का ते बघा.

सगळं ठीक वाजलं की फ्रेम, पट्ट्या बसवा. वायरींचे गुच्छ फोमच्या पट्टीत गुंडाळा, नाहीतर खड्ड्यांवर डॅशबोर्डाच्या आत खडखडतात. पहिल्या आठवड्यानंतर जोरात अर्धा तास वाजवून गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर सिस्टिम बंद करून त्यातले दोन्ही स्क्रू पुन्हा आवळा. नव्या जाड वायरीच्या तारा दाबाखाली बसतात आणि पहिल्यांदा आवळलेला स्क्रू थोडा सुटतोच. अर्थिंगचा नट आणि अ‍ॅम्पची टर्मिनलंही त्याच दिवशी एकदा आवळून घ्या.